ऑनलाइन रांगेत मागे कोण राहते?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून दहावी होऊन गेलेला एक मुलगा मध्यंतरी दुपारचा घरी आला. लहानपणापासून त्याची नजर फारच कमी आहे. पण फोन मात्र तो आमच्यापेक्षा चांगला चालवतो. त्याचा फोन पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो. टॉकबॅक नावाची ही सोय अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. त्याला शिक्षणासाठीच्या मदतीचा एक फॉर्म भरायचा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत तो एकटाच आला होता. पुढच्या पानावर गेला आणि फोन म्हणू लागला, "बटन. बटन. बटन." कोणते बटन पुढे नेणारे आणि कोणते भरलेले सगळे पुसून टाकणारे, हे फोनला कळेना, कारण त्या बटनांना आतून नावच दिलेले नव्हते. शेवटी चित्रातली वाकडी-तिकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. ती अक्षरे ऐकवण्याची सोय नव्हती.

"सर, मी माणूस आहे हे मशीनला पटवायला मला दुसरा माणूस आणावा लागतो," तो हसत म्हणाला.

आम्ही अक्षरे वाचून दाखवली आणि फॉर्म गेला. पण तेवढ्यासाठी त्याला वडिलांचे उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक, आधार, ओटीपी हे सगळे आमच्यासमोर उघडे करावे लागले. आम्ही त्याचे शिक्षक होतो म्हणून ठीक. उद्या तो बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर जाईल, तेव्हा समोर कोण बसलेले असेल ते त्याला माहीत नसेल. उर्दूत याला 'मोहताजी' म्हणतात. या मुलाला मोहताज त्याच्या डोळ्यांनी केले नव्हते. डोळ्यांचे काम त्याचा फोन करत होता. त्याला मोहताज केले ते वेबसाइट बांधणाऱ्याने.

या एका दुपारवर लेख लिहिण्याचे कारण असे की गेल्या वर्षभरात आपल्या घरांतली अनेक महत्त्वाची कामे याच दारातून आत जाऊ लागली आहेत. कचेरीचे दार आता वेबसाइट झाले आहे. कचेरीला पायऱ्या असतील तर आपण म्हणतो, म्हाताऱ्यांसाठी उतार करा, कठडा लावा. वेबसाइटच्या पायऱ्या मात्र दिसत नाहीत. म्हणून त्यांवर अडखळणाऱ्यालाच आपण म्हणतो, "तुला जमत नाही."

एका वर्षातली तीन दारे

पहिले दार मुलांचे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्याला लागू झाला. त्याआधी तो काही मोठ्या शहरांच्या क्षेत्रांपुरता होता. म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या गावांतल्या पालकांना हे संकेतस्थळ पहिल्यांदाच भेटले. नोंदणी २१ मे २०२५ ला सुरू व्हायची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नवे वेळापत्रक काढून २६ मेपासून नोंदणी सुरू करावी लागली. शहरातल्या मुलाला यात फक्त थांबावे लागले. खाडीपलीकडच्या वाडीतून एसटीने तालुक्याला आलेल्या मुलीच्या बापाची मात्र त्या दिवसाची मजुरी गेली.

दुसरे दार मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांचे. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. मुदत वाढवण्याची मागणी १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही, वक्फ न्यायाधिकरणाकडे जा असे सांगितले. मुदत संपली तेव्हा देशभरातून सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद पोर्टलवर सुरू झालेली होती, पण मंजुरी मिळालेल्या होत्या सुमारे २ लाख १७ हजार. कायद्याचे बरे-वाईट हा वेगळा विषय आहे, त्यावर बरेच लिहिले गेले आहे. आज आम्ही फक्त दाराबद्दल बोलतो. मुतवल्लीने माहिती भरायची, दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासायची आणि तिसऱ्याने मंजूर करायची, अशी ही तीन टप्प्यांची रचना. आता आपल्या गावचे मुतवल्ली डोळ्यांसमोर आणा. सत्तरी गाठलेले गृहस्थ, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, हातात मुलाने वापरून दिलेला फोन, आणि पेटीत आजोबांच्या काळचे जीर्ण कागद. त्या कागदाचा फोटो काढायचा, हव्या त्या आकारात बसवायचा आणि ओटीपी येईपर्यंत नेट टिकवायचे. या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून पोर्टल बांधले, तर ते कसे दिसेल?

तिसरे दार आपल्या बहिणींचे आहे, आणि त्यावर थोडे जास्त थांबावे लागेल.

'नाही' म्हणायचे की 'होय'?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्व लाभार्थींना ऑनलाइन ई-केवायसी सक्तीची केली. आधी १८ नोव्हेंबरपर्यंत मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. बाईने आपला आधार क्रमांक टाकून ओटीपी द्यायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकून त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी द्यायचा, अशी पद्धत होती.

हे ठरवताना कोणते घर डोळ्यांसमोर होते? नवरा, बायको, दोन फोन, सगळे एका छताखाली. आमच्या किनाऱ्यावर अशी घरे आहेतच. पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतला पुरुष कुवेत, कतार किंवा सौदीत मजुरीला असतो. भारतातले सिम रिचार्जविना बंद पडलेले असते. कुणाचा नवरा बोटीवर असतो, आणि बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोनला रेंज नसते. कुणाचा नवरा वारला, वडीलही वारले. अशा महिलांचे काय, याचे उत्तर मुदतवाढीच्या वेळी आले: त्यांनी मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत. उत्तर आले हे चांगले झाले. पण विधवा आणि तलाकशुदा बायका काही नोव्हेंबरमध्ये अचानक जन्माला आल्या नव्हत्या. फॉर्मचा आराखडा कागदावर काढला तेव्हाच त्यांचे नाव निघायला हवे होते.

पुढची गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. ई-केवायसीत एक प्रश्न नकारार्थी विचारलेला होता. घरातले कोणी सरकारी नोकरीत नाही, याला होय की नाही? आता सांगा, ज्या घरात कुणीही सरकारी नोकर नाही, तिथल्या बाईने काय निवडावे? साधे मराठी बोलणारी बाई म्हणेल, "नाही हो, आमच्यात कुणी नाही," आणि 'नाही'वर बोट ठेवील. संगणकाने त्याचा अर्थ उलटा घेतला. मोठ्या संख्येने महिला सरकारी नोकरांच्या घरातल्या ठरल्या आणि त्यांचे हप्ते अडकले. शेवटी अंगणवाडी सेविकांना प्रत्यक्ष पडताळणीचे काम सांगावे लागले.

परीक्षेच्या पेपरात आम्ही असा प्रश्न घातला तर मॉडरेटर तो खोडून काढतो. नकारार्थी विधान आणि त्यावर होय-नाही हे पाचवीच्या मुलाला विचारू नये, असे बी.एड.लाच शिकवतात. मग लाखो महिलांच्या पोटाशी जोडलेला प्रश्न छापण्यापूर्वी तो दहा बायकांना वाचायला का दिला गेला नाही? सुलभता म्हणजे केवळ अंधांसाठीची सोय, असा आपला समज असतो. सोपे, सरळ वाक्य ही सुद्धा सुलभताच आहे, आणि ती सगळ्यांत स्वस्त आहे.

फोन तोच, हात वेगळे

वेबसाइट बांधणारा माणूस मोठ्या पडद्यासमोर, एसीत, वेगवान नेटवर बसलेला असतो. त्याची नजर तरुण असते, हातात माऊस असतो. आपण तीच वेबसाइट कशी पाहतो? काच तडकलेल्या फोनवर. मासळी साफ करून ओल्या झालेल्या बोटांनी. बंदरावरच्या उन्हात, जिथे फिक्या राखाडी रंगाची अक्षरे दिसतच नाहीत. एसटीत, जिथे घाट चढला की नेट जाते.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. अलिबागच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर ते धडकले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब आणि मोबाईलचे टॉवर पडले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यात कितीतरी दिवस धड वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हता. कुठे तरी टेकडीवर एखादी काडी रेंज मिळाली, तर त्या काडीवर उघडेल इतकी हलकी किती पाने होती? मोठमोठे फोटो आणि सरकत्या जाहिराती असलेले पान तिथे उघडत नाही. चार ओळींचा मजकूर उघडतो. पंचनामा कुठे, धान्य कुठे, कुणाला फोन करायचा, एवढेच त्या वेळी हवे असते.

म्हणजे 'खास गरजा' असलेली माणसे कुणी वेगळी नसतात. हात मोडला की आपण सगळेच एका हाताने फोन चालवतो. चाळिशी लागली की आपलेही अक्षर दूर जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले आणि देशात २ कोटी ६८ लाख. त्यात चष्मा लावणारी आजी नाही, वाचता न येणारी खाला नाही, हात थरथरणारे चाचा नाहीत. ती सगळी माणसे धरली तर घरटी एक तरी निघेल.

चांगली वेबसाइट म्हणजे नेमके काय?

हे काही गूढ शास्त्र नाही. २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकी डिझाइनरने एक साधी कल्पना मांडली: फोनसाठी वेगळी आणि संगणकासाठी वेगळी वेबसाइट बांधू नका. एकच पान असे बांधा की ते पाण्यासारखे भांड्याचा आकार घेईल. पडदा रुंद असेल तर मजकूर शेजारी-शेजारी बसेल, अरुंद असेल तर एकाखाली एक. याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात आणि आज जगभर हीच पद्धत आहे.

सुलभतेचे जागतिक निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ठरवते. त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. त्याची ताजी आवृत्ती २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यातले काही निकष आपल्या भाषेत सांगतो:

अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवा. म्हणजे पांढऱ्यावर फिकट राखाडी चालणार नाही. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी काही कापले जाता कामा नये. अरुंद पडद्यावर वाचताना पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागू नये. बटने इतकी बारीक आणि चिकटून नसावीत की 'पुढे' दाबायला जावे आणि 'रद्द' दाबले जावे. प्रत्येक चित्राला आणि बटनाला आतून नाव हवे, म्हणजे वाचून दाखवणारा फोन "बटन, बटन" न म्हणता "अर्ज जमा करा" म्हणेल. चूक झाली तर रकाना नुसता लाल करून भागत नाही, कारण रंग न ओळखणाऱ्याला तो लाल दिसतच नाही. "पिनकोडमध्ये सहा अंक हवेत" असे शब्दांत सांगावे. वेळ संपत आली तर आधी विचारावे, "अजून वेळ हवा का?" आणि साध्या एका कृतीने ती वाढवून द्यावी. एकदा भरलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नये. आत शिरण्यासाठी कोडी सोडवायला लावू नये, लावलीच तर दुसरा मार्ग द्यावा.

यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. ती सुरुवातीलाच करावी लागते, इतकेच. घर बांधून झाल्यावर दार रुंद करायला भिंत फोडावी लागते, तसेच इथे.

उर्दू आणि मराठीचे वेगळे दुखणे

आपल्या दोन भाषांची आणखी एक अडचण आहे. जुन्या मराठी फाइली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. आपल्या डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला आत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वाचून दाखवणारा फोन मग भलतेच बरळतो, आणि शोधायला गेलो तर तो मजकूर सापडतही नाही. यावर उपाय युनिकोड. उर्दूत इनपेजमध्ये पान तयार करून त्याचे चित्र टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. चित्रातली उर्दू सुंदर दिसते, पण ती ऐकता येत नाही, मोठी करताना फुटते आणि कॉपीही होत नाही.

उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. पानाला तसे सांगितले नाही तर पूर्णविराम भलत्या टोकाला जातो, मध्ये फोन नंबर आला की ओळीचा क्रम बिघडतो. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, तिला ओळींत जास्त जागा लागते. ती दिली नाही तर नुक्ते वरच्या ओळीत घुसतात. पान कोणत्या भाषेत आहे याचीही आत एक छोटी खूण करावी लागते. मराठी पानावर इंग्रजीची खूण राहिली तर फोन इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि काही कळत नाही. एक शब्दाची खूण, पण ती नसेल तर अख्खे पान बहिऱ्या कानावर पडल्यासारखे.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी संगणकावर एनव्हीडीए नावाचा वाचक फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तो उभा केला, २००६ मध्ये सुरुवात झाली. दोघांनी आपली गरज ओळखून बनवलेले साधन आज जगभर वापरले जाते. ज्याला अडचण आहे तोच उत्तम उपाय शोधू शकतो, फक्त त्याला बैठकीत बसवले पाहिजे.

मेहरबानी नव्हे, कायदा आहे

आता महत्त्वाचा मुद्दा. हे सगळे सरकारच्या किंवा कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कलम ४६ सरकारी आणि खासगी सेवा देणाऱ्यांनाही बांधते. कायदा मोडल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुलभतेचे नियम नुसते सल्ले असून चालणार नाही, काही किमान नियम सक्तीचे करा. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केवायसी करताना पडद्यासमोर पापणी लववा, असे सांगतात. ज्यांच्या पापण्या अ‍ॅसिडने जळाल्या त्यांनी काय करायचे? न्यायालयाने २० निर्देश दिले, पर्यायी पद्धती ठेवायला सांगितल्या. युरोपातही २८ जून २०२५ पासून बँका, ऑनलाइन दुकाने यांना सुलभतेचा कायदा लागू झाला आहे.

निकाल आला म्हणजे काम झाले असे होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण यापुढे कचेरीत कुणी म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर कुणाला तरी घेऊन या," तर उत्तर देता येईल, "जमेल असे करणे ही तुमची जबाबदारी आहे, कायद्यात लिहिलंय."

आधी आपले घर

बोट सरकारकडे दाखवले की तीन बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या जमातीचा निरोप कसा येतो? व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चौकटीत, सोनेरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे. नमाजच्या वेळांचे वेळापत्रक म्हणजे कॅलेंडरचा तिरका फोटो. शाळेची सूचना म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. आम्ही शिक्षकसुद्धा हेच करतो, कबूल करतो. घरातल्या अंध मुलाला, वाचता न येणाऱ्या आजीला, जुना फोन असलेल्या शेजाऱ्याला यातले काही मिळत नाही. फोटोखाली दोन ओळी टाइप केल्या किंवा अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवला, तर सगळ्यांना मिळेल.

सूरह अबसमागचा प्रसंग आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असतो. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. ते काही शिकायला आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, आणि अंध माणसाकडे दुर्लक्ष झाले म्हणून अल्लाहकडून समज आली. पुढे त्याच अब्दुल्लाह (रजि.) यांना मदिन्यात अजान देण्याचे काम मिळाले, प्रेषित बाहेर गेले असता मदिन्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. त्यांच्यावर दया दाखवून त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, काम दिले. आमच्या त्या विद्यार्थ्याला नेमके हेच हवे आहे. त्याला कुणी फॉर्म भरून द्यावा असे वाटत नाही. त्याला स्वतः भरता यावा, असे वाटते.

आता काय करता येईल?

पहिले, तपासून पाहा. कोणतेही संकेतस्थळ, आपल्या शाळेचे किंवा संस्थेचे असले तरी, फोन उभा धरून उघडा. मजकूर आडवा सरकवावा लागतो का? फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करा, काही कापले जाते का? उन्हात उभे राहून वाचा. मग टॉकबॅक सुरू करा. त्यात एकदा टेकवले की फोन नाव सांगतो, दोनदा टेकवले की उघडतो. डोळे मिटून शेवटच्या बटनापर्यंत जाऊन पाहा. संगणकावर माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने फॉर्म भरता येतो का, तेही बघा. दहा मिनिटांत त्या वेबसाइटचे प्रगतिपुस्तक हातात येते.

दुसरे, तक्रार लिहून करा. कोणते पान, कोणती तारीख, काय अडले, हे स्क्रीनशॉटसह लिहा. राज्य सरकारच्या 'आपले सरकार'वर तक्रारीची सोय आहे. दिव्यांगांच्या हक्काचा प्रश्न असेल तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे या श्रीवर्धनच्याच आमदार आहेत. आपल्या गावच्या बहिणींना कुठे अडले, हे त्यांच्यापर्यंत शांतपणे, कागदावर मांडून पोहोचवायला आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही.

तिसरे, मागणी नेमकी ठेवा. ऑनलाइनला आमचा विरोध नाही. तालुक्याच्या चकरा वाचतात, दलाल कमी होतात, हे आम्ही पाहिले आहे. पण प्रत्येक सक्तीच्या ऑनलाइन कामाला एक ऑफलाइन खिडकी असावी. फॉर्म सुरू करण्याआधी तो ग्रामीण बाई, वृद्ध माणूस आणि दिव्यांग तरुण यांच्याकडून भरून पाहावा. संकेतस्थळ बंद पडलेले दिवस मुदतीत धरू नयेत.

चौथे, मदत करा पण इज्जत राखून. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी जुम्याच्या दिवशी मशिदीच्या आवारात किंवा शाळेच्या वर्गात दोन तास बसावे. बायकांसाठी मुलींनी बसावे. फोन ज्याचा, त्याच्याच हातात राहू द्यावा. ओटीपी त्यानेच टाकावा. आपण फक्त कुठे दाबायचे ते सांगावे. आणि कुणाच्या आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये राहणार नाही, एवढे पाहावे.

लेख लिहून झाला तेव्हा आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि विचारले, तुला ऐकायला पाठवू का? तो म्हणाला, "सर, टाइप केलेलाच पाठवा. फोटो काढून नको. माझा फोन वाचेल."

तसाच पाठवला आहे.